अंबिकेला दम लागतो

माझं त्याच्याशी पहिलं बोलणं प्रेमाचं नव्हतं. मी छत्रीच्या मुठीने त्याच्या गाडीच्या बॉनेटवर टकटक केली आणि विचारलं, "मेली का झोपली?"

बॉनेटखालून एक डोकं वर आलं. नाकावर ग्रीस, कपाळावर घाम... डिसेंबरच्या थंडीत घाम. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग छत्रीकडे पाहिलं, आणि दोन्हींत जास्त धोक्याचं काय ते ठरवत असल्यासारखा क्षणभर थांबला.

"दम खाऊन राहिली जी, बाई."

"चढावर नाही लागला दम. नाल्यातून वर येताना नाही लागला. आता सरळ सपाट रस्ता आला, तं हिले दम लागून राहिला?"

"तेच तं समजून नाही राहिलं," तो म्हणाला. इतक्या शांतपणे म्हणाला की माझा राग दुप्पट झाला. शाळेत मी अगदी शुद्ध बोलते; रागावले की सौसरची होते. त्या सकाळी मी पुरती सौसरची झाले होते.

त्या दिवसांत मला सगळ्याचाच राग येत असे, आणि तो काही उगाच येत नव्हता. ऐन दिवाळीत राज्यं बदलली. आमचं नागपूर, जिथं आमची लग्नाची पातळं, आमचे डॉक्टर आणि आमच्या अर्ध्या आत्या, ते मुंबई राज्यात गेलं. आणि आम्ही सौसर-पांढुर्ण्याची माणसं, जिथल्या तिथं बसून भोपाळची झालो. आम्हाला कोणी विचारलं? घरातली म्हैस विकतानासुद्धा माणूस बायकोला विचारतो.

मी पांढुर्ण्याला मुलींच्या शाळेत मराठीच्या वर्गावर होते. आठवडाभर तिथं मावशीकडे राहायचं, शनिवारी दुपारी सौसरला घरी यायचं आणि सोमवारी सकाळच्या गाडीने परत जायचं. आता कुजबुज सुरू झाली होती की मराठीचा वर्ग हिंदीच्या वर्गात मिळवून टाकतील. कुठल्याशा सोमवारी इन्स्पेक्टर येणार, न सांगता येणार, आणि पाहून ठरवणार. मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, "नलिनी, वर्गावर बाईच नसली, तर पोरी उचलून पलीकडे बसवायला किती वेळ लागतो? यापुढे सोमवारी उशीर चालणार नाही."

वर्ग गेला की माझी नोकरी गेली, कारण ती अजून कायम नव्हती. आणि नोकरी गेली की काटोलचं स्थळ तयारच होतं. आमच्या बाबांचं, म्हणजे पुंडलिकरावांचं, सौसरला कापडाचं दुकान आहे; ते बोलतातही गज लावून मोजल्यासारखं. "कायम झाली तं तुझी मर्जी. सुटली तं काटोल." एवढंच बोलून ते दुकानात गेले होते.

म्हणजे माझ्या पोरींचा वर्ग, माझी नोकरी आणि माझं लग्न, हे सगळं त्या एका खटाऱ्यावर येऊन बसलं होतं. खटाऱ्याचं नाव अंबिका. लढाई संपल्यावर लिलावात निघालेली लष्करी लॉरी होती ती, वर छिंदवाड्याच्या सुताराने प्रवाशांसाठी लाकडी बॉडी चढवलेली. तिचा मालक आणि ड्रायव्हर एकच: दत्तात्रय. मूळचा बोरगावचा, वडील वारल्यावर आईला घेऊन सौसरला आला होता.

दर सोमवारी तेच. गावातून निघताना अंबिका गुणी सुनेसारखी. खडबडीत रस्त्यावर सावकाश चालवली तर तक्रार नाही. पण तिगावचा फाटा जवळ आला, सपाटी लागली, दत्तात्रयने वेग धरला, की थोड्या वेळात ती आचके देऊ लागे. धुगधुग... धुग... आणि थांबे. मग तो उतरायचा, खुडबुड करायचा, ती पुन्हा सुरू व्हायची आणि पुढल्या सपाटीला पुन्हा तेच.

"मग हळूच चालवा नं," मी एकदा म्हटलं.

"हळू चालवली तं तुमची शाळा चुकते."

"आन जोरात चालवली तं गाडी मरते."

"हाव."

"हाव काय हाव? उपाय सांगा."

"प्लग बदलले. कार्ब्युरेटर खोलला. पंप नवा टाकला. नागपूरचा मिस्त्री पाहून गेला." तो हात पुसत होता, आणि मग हळूच म्हणाला, "तुमची छत्री तेवढी राहिली हाये मारून पाहायची."

मला हसू आलं. ते मी गिळलं, कारण रागावलेल्या माणसाने मध्येच हसलं की त्याच्या रागाला कोणी विचारत नाही. पण त्याने पाहिलं होतं. बाभळीच्या काट्यांना गाड्यांवरून उडालेला कापूस लटकला होता, कोणाच्या तरी टोपलीतल्या संत्र्यांचा वास सुटला होता आणि हा माणूस बॉनेटवर कोपर टेकून माझ्या ओठांच्या कोपऱ्याकडे पाहत होता. मी गाडीत जाऊन बसले.

सगळी गाडी त्याला दत्तूभाऊ म्हणे. आमच्याकडे ड्रायव्हर काय, दुकानदार काय, मास्तर काय, सगळेच भाऊ. मी का कोण जाणे, त्याला काहीच म्हणत नव्हते. 'अहो' म्हणून भागवत होते.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी, परतीच्या वाटेवर, अंबिका पुन्हा थांबली. घरी जायचं होतं, शाळेची घाई नव्हती. मी खाली उतरले.

"आता तुम्ही काय काय करता, ते पहिल्यापासून सांगा," मी म्हटलं. "एकही गोष्ट गाळायची नाही."

"परीक्षा घेऊन राहिल्या का जी?"

"घेऊन राहिली. सांगा."

त्याने अंगठ्याने बोटं मोजली. "पहिले टाकी पाहतो, पेट्रोल हाये का नाही. झाकण काढतो, काडी टाकतो. पेट्रोल अस्तेच. मग झाकण लावतो. मग प्लग पुसतो. मग पेट्रोलची नळी काढून फुंकतो. मग गाडी सुरू होते."

"म्हणजे नळी फुंकल्यानं होते?"

"तसंच वाटते."

"वाटते म्हणजे काय? आज टाकीले हात नाही लावायचा. बाकी सगळं करा."

कंडक्टर कवडूभाऊ म्हातारे होते, टपावर बसून बिडी ओढत होते. ते वरून म्हणाले, "दत्तू, मास्तरीणबाई सांगते तसं कर, नाही तं उभं करन तुले बाकावर."

त्याने प्लग पुसले, नळी फुंकली, हॅण्डल मारलं. अंबिका सुरू झाली, जेमतेम दोन शेतं ओलांडली आणि बसली. लोक कुरकुरले. तो माझ्याकडे वळला, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर ती शांती नव्हती. शाळेतल्या हुशार पोरीला उत्तर सुचत असताना तिचा चेहरा होतो, तसा झाला होता.

"आता फक्त झाकण काढा," मी म्हटलं.

टाकी त्याच्या दाराखाली, बाहेरच्या अंगाला होती. झाकण शेंदराने लालभडक झालेलं. त्याने ते पिळलं, आणि दोघांनी ऐकलं... स्सूऽऽ. कोणीतरी खूप वेळ दाबून धरलेला श्वास आत ओढावा तसं.

आम्ही दोघंही वाकलो होतो, डोक्याला डोकं लागायचं तेवढं बाकी होतं. त्याच्या अंगाला पेट्रोलचा आणि संत्र्याच्या सालीचा वास येत होता. मी एक पाऊल मागे सरले आणि उगाच मोठ्याने बोलू लागले.

"आमच्या घरी गोडेतेलाचा डबा आला का आई त्याले दोन भोकं पाडते. एकातून तेल येते, दुसऱ्यातून वारा आत जाते. एकच पाडलं तं तेल अडखळते."

"हाव." तो झाकण उलटंपालटं करत होता. "झाकणाले भोक अस्ते जी. बारीक. कंपनीच ठेवते. त्याच्यातूनच टाकीत वारा जाते. हळू चाललं तं पेट्रोल कमी लागते, कसंबसं उतरते. जोरात चाललं तं..." तो थांबला. "पण भोक कुठं हाये?"

भोक नव्हतं. त्याने नखाने खरवडलं. शेंदराची एक खपली निघाली, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. मारुतीच्या अंगावर चढतात तशी पुटं चढली होती. अगदी तळाशी, मोहरीएवढं, ते भोक होतं.

"हा शेंदूर कोण लावते?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं. रोज सकाळी स्टॅंडवर त्याची आई देवकाबाई वाटीत शेंदूर-तेल कालवून आणत आणि गाडीला पूजत, ते सगळं सौसर पाहत होतं.

"माय," तो म्हणाला. "गाडीचं तोंड हे, म्हणते. खाते तिथूनच, तं टिळाही तिथंच. आन गाडी बंद पडली का दुसऱ्या दिवशी आणखी जाड लावते. दृष्ट लागली म्हणून."

म्हणजे पाहा. ती लावणार, म्हणून गाडी बंद पडणार. गाडी बंद पडली, म्हणून ती आणखी लावणार. मी हसत सुटले. तो नाही हसला.

"घरी जाऊन सांगा त्यांना," मी म्हटलं.

"नाही सांगता येत."

"काहून?"

"बाबा गेले तेव्हा सगळे म्हणे, गाडी इकून टाका. माय म्हणे, नाही. तू चालव, मी पूजतो. इतलंच तिचं हाये या गाडीत." त्याने झाकण पुसून जागेवर लावलं. "आता तिले काय सांगू? तुझ्या पूजेनंच गाडी मरते?"

त्याचं म्हणणं मला समजलं, आणि समजल्यामुळे आणखी राग आला. इथं माझा वर्ग जायची वेळ, माझ्या पोरी उद्या पलीकडच्या वर्गात मागच्या ओळीत मुक्या होऊन बसणार, आणि हा गृहस्थ आईचं मन जपणार. "तुम्ही फार भले आहात," मी म्हटलं. "भल्या माणसांमुळंच जगाचं वाटोळं होते." मग सौसर येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

सोमवारी त्याने वाट काढली. देवकाबाईंची पूजा झाली, गाडी निघाली आणि गावाबाहेरच्या पहिल्या रपट्याशी, नाल्यावरच्या ठेंगण्या फरशीपुलाशी, थांबली. तो उतरला, तारेने भोक मोकळं केलं आणि वर चढला. सपाटीवर अंबिका वाऱ्यासारखी पळाली. मी शाळेत घंटेच्या आधी पोचले.

पुढे दर सोमवारी हेच चाललं. रपट्याशी तो उतरे, आणि मीही पाय मोकळे करायला उतरे. पाय मोकळे करायला कोणी सकाळी सकाळी थंडीत उतरतं का? पण कोणी विचारलं नाही.

"अजून राग हाये का जी?" तो तार फिरवत विचारी.

"आहे."

"किती?"

"तुम्ही मायले सांगेपर्यंत पुरेल इतका."

"मग तं नाहीच सांगत," तो म्हणे. "राग संपला तं तुम्ही खाली उतरणार नाही."

असं बोलून तो खाली भोकाकडे पाही, आणि माझे कान तापत. घरी आईने विचारलं, सोमवार आला की तू एवढ्या लवकर कशी उठतेस? मी म्हटलं, शाळा आहे. शाळा तर आधीही होती.

महाशिवरात्र झाली आणि एका शनिवारी मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "परवा इन्स्पेक्टर येणार आहेत. छिंदवाड्याहून निरोप आहे."

त्या सोमवारी मी स्टॅंडवर पोचले तर देवकाबाई पूजा आटोपून स्वतःच गाडीत बसलेल्या. पुढच्या बाकावर, मुलाच्या अगदी मागे, मांडीवर संत्र्यांची पिशवी. "पांढुर्ण्याले बहिणीकडे चालली," त्या मला म्हणाल्या. "गाडी आता कशी चालून राहिली पाहिलं नं, बाई? देवीनं ऐकलं. आज दुप्पट शेंदूर लावला."

मी दत्तात्रयकडे पाहिलं. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं, आणि नजर काढून घेतली.

रपटा आला. गाडी थांबली नाही. आई खिडकीशी बसली होती, टाकीच्या बरोबर वर. मी मनात त्याला जे काही म्हटलं ते मराठीच्या बाईने म्हणू नये असं होतं. तिगावचा फाटा आला, सपाटी आली... धुगधुग, धुग, आणि अंबिका बसली.

तो उतरला. बॉनेट उघडलं. प्लग पुसू लागला. ज्याला ठाऊक आहे की प्लगात काही नाही, तो माणूस प्लग पुसत होता. पांढुर्ण्याला माझ्या पोरी बाकांवर बसून दाराकडे पाहत असतील, आणि इन्स्पेक्टरही.

मी त्याच्याकडे गेलेच नाही. सरळ टाकीकडे गेले. झाकण हातात घेतलं. तार त्याच्या खिशात होती. मी अंबाड्यातला आकडा उपसला, केस पाठीवर सुटले, आणि मी ते दुप्पट पूजेचं पूट खरवडायला लागले.

"व पोरी!" वरून देवकाबाईंचा आवाज आला. "काय करून राहिली तू?"

"गाडीले श्वास देऊन राहिली, मावशी." मी आकडा फिरवतच बोलत होते. "या झाकणाले भोक अस्ते. तुमच्या शेंदरानं ते बुजते, आतमध्ये वारा जात नाही, आन गाडीचा दम कोंडते. तुम्ही मायेनं लावता, पण गाडी त्यानंच मरते."

सगळी गाडी खिडक्यांतून वाकून पाहू लागली. कवडूभाऊंची बिडीसुद्धा हातातच राहिली. देवकाबाई खाली उतरल्या. त्यांनी झाकण हातात घेतलं, ते मोहरीएवढं भोक डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, आणि मग माझ्याकडे नाही, मुलाकडे वळल्या.

"तुले मालूम होतं?"

"हाव."

"कवापासून?"

"संक्रांतीपासून."

"आन मी रोज गाडीचा गळा दाबून राहिली, तू पाहून राहिला?"

"तुले वाईट वाटन म्हणून..."

"मी का मातीची हाओ? पाणी लागलं का विरघळीन?" त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज कडक होता. "तुझा बाप असता तं त्याच दिवशी बोलला असता. मले येडी ठेवलं तुम्ही सगळ्यांनी. ही एक पोट्टी तेवढी माणूस समजली मले." मग माझ्या हातातला आकडा त्यांनी काढून घेतला, भोकात खोवला आणि वर राहिलेला शेंदूर बोटाने नीट सारखा करून आकडा परत काढला. "आता हा गाडीतच राहन. आकडा खोवायचा, मग टिळा लावायचा, मग आकडा काढायचा. इतलं तं मलेही जमते."

दत्तात्रयने गाडी अशी हाणली की कवडूभाऊंनी देवाचं नाव घेतलं. मी खिडकीशी, वाऱ्यावर उडणारे केस दोन्ही हातांनी मागे सारत, बोटांनीच भांग नीट करत बसले. माझ्या बोटांना काय लागलं आहे याचं भान मला नव्हतं.

वर्गात शिरले आणि घंटा झाली. इन्स्पेक्टर हिंदीकडचे, वयस्क, सौम्य गृहस्थ होते. मी शिकवलं. राग अजून पुरता उतरला नव्हता, तो सगळा धड्यात गेला असावा, कारण पोरी अशा उत्तरं देत होत्या की मलाच नवल वाटलं. ते मागच्या बाकावर बसून ऐकत राहिले. उठताना म्हणाले, "बहुत अच्छा, श्रीमतीजी. ये बच्चियाँ अपनी भाषा में खिल रही हैं. इन्हें यहीं रहने दीजिए." आणि दाराशी थांबून हसत म्हणाले, "आपके पति छाता लिए बाहर खड़े हैं. धूप में हैं बेचारे."

पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. दाराबाहेर दत्तात्रय उभा होता, माझी गाडीत विसरलेली छत्री हातात घेऊन, कानापर्यंत लाल. मी खिडकीच्या काचेत पाहिलं. माझ्या भांगात, कपाळापासून थेट टाळूपर्यंत, अंबिकेचा शेंदूर भरलेला होता.

मी त्याच्या हातातून छत्री ओढून घेतली. "तुम्ही सांगितलं का नाही त्यांना?"

"मले विचारलंच कुठं?" तो म्हणाला, आणि पळाला.

महिन्याभरात हुकूम आला. निदान पुढल्या सालापर्यंत वर्ग राहणार होता, आणि मी कायम झाले होते. पण हुकमात लिहिलं होतं, श्रीमती नलिनी. म्हणजे आधी न विचारता राज्य बदललं, आता न विचारता लग्नही लावलं. शनिवारी गाडीत चढताच मी दत्तात्रयच्या मागच्या बाकावर बसले आणि त्याला सगळं ऐकवलं. सोमवारीच अर्ज करणार, दुरुस्ती करून घेणार, यांना समजतं काय स्वतःला.

तिगावचा फाटा गेला. सपाटी आली. वेग धरला, आणि मग... गाडी हळू झाली, कडेला गेली, थांबली. इंजिन चालूच होतं.

"आता काय झालं गाडीले?"

"गाडीले काही नाही झालं." त्याचे हात स्टीअरिंगवर होते. तो वळला नाही. "मलेच... थोडं..."

"बोला नं मग. तुमच्या तोंडावर कोणी शेंदूर फासला?"

तो हसला, आणि वळला. ग्रीस आजही नाकावर होतं.

"तो अर्ज नका करू जी."

"काहून नको करू?"

"थोडे दिवस थांबलं, तं... दुरुस्तीची गरज नाही पडणार."

टपावरच्या कवडूभाऊंसकट सगळी गाडी कान देऊन ऐकत होती. माझ्या छातीत अंबिकेसारखं धुगधुग होत होतं. आणि मला राग आला, खरंच आला. सगळा हिवाळा गेला होता, इतके सोमवार रपट्याशी उभी राहून मी थंडीत कुडकुडले होते, आणि हा आत्ता बोलत होता, तेही एवढ्या लोकांसमोर.

"इतके दिवस काय करून राहिले होते?"

"भेत होतो." त्याने खाली पाहिलं. "मग एक दिवस ध्यानात आलं. सगळे मले भाऊ म्हणते. तुम्ही एकदाही नाही म्हटलं."

मी छत्री घट्ट धरली.

"म्हणणारही नाही," मी म्हटलं. "आता चला. दुकान बंद व्हायच्या आत बाबांना गाठायचं आहे तुम्हाला."

त्याने गाडी सोडली. अंबिकेने वेग धरला, सपाटी संपली, दुसरी आली, तीही संपली, आणि ती कुठेच थांबली नाही.